८० जीबीची फाइल, ९ जीबीचा डेटा

ज्या होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, सुजलेल्या डिस्क फाइल्स आवराव्या लागल्या, त्याची डिस्क १ टीबीची. त्यावरच्या व्हीएमना दिलेल्या डिस्कची (अशी प्रत्येक डिस्क म्हणजे होस्टवरची फाइलच) बेरीज मात्र २ टीबीच्या पुढे जात होती. यात वावगं काही नाही, जवळपास सगळेच असं करतात. प्रत्येक व्हीएमला ऐसपैस डिस्क कबूल करायची आणि प्रत्यक्षात जेवढं लिहिलं जाईल तेवढीच जागा द्यायची. सगळ्यांनी एकदम हक्क सांगितला नाही तोवर हे निभावतं. आमच्याकडे ते निभेनासं झालं, आणि तो होस्ट सांभाळणारा माणूस आधीच दुसऱ्या कामावर गेलेला असल्यामुळे ते निस्तरणं माझ्याकडे आलं.

लक्षण असं होतं की दोन व्हीएम गोठल्या होत्या. बंद पडल्या नव्हत्या, रीबूटही झाल्या नव्हत्या, फक्त हलत नव्हत्या. ‘व्हर्श’ ही व्हीएम सांभाळायची कमांड; ‘व्हर्श लिस्ट’मध्ये त्यांच्यापुढे ‘पॉज्ड’ दिसत होतं. ‘व्हर्श डोमस्टेट --रीझन’ने कारण सांगितलं आय/ओ (वाचन-लेखनाची) एरर, आणि ‘व्हर्श डोमब्लकएरर’ने त्याहून नेमकं सांगितलं: ‘व्हीडीए: नो स्पेस’. डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ तर १०० टक्के दाखवतच होतं.

इथे घाईघाईने व्हीएम जबरदस्तीने बंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमने हे जाणूनबुजून केलेलं असतं. होस्टची जागा संपली की ती एरर गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमच्या, हातात देण्याऐवजी तो गेस्टलाच जागच्या जागी थांबवतो. आतल्या फाइल सिस्टिमला कळतही नाही की काही बिनसलं होतं. जागा मोकळी करायची आणि ‘व्हर्श रिझ्यूम’ म्हणायचं, की अडलेलं लिखाण तिथूनच पुढे चालू होतं. ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस’मध्ये जुन्या इन्स्टॉलर आयएसओंचा ढीग होता. त्या हलवल्या तेवढ्यावर दोन्ही व्हीएम पुन्हा चालायला लागल्या. पण ही तात्पुरती सोय होती. डिस्क फाइल्स सुजलेल्या होत्या आणि त्या का सुजल्या ते बघणं भाग होतं.

कुठल्याही डिस्क फाइलचा आकार विचारला तर उत्तरं किमान तीन मिळतात. एका रॉ (डिस्कचे बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या) फाइलवर ‘एलएस -एलएच’ चालवलं तर ८० जीबी. त्याच फाइलवर ‘डीयू -एच’ चालवलं तर ३१ जीबी. आणि व्हीएमच्या आत जाऊन ‘डीएफ’ बघितलं तर वापरलेली जागा जेमतेम ९ जीबी. तिन्ही आकडे खरे आहेत. ८० हे गेस्टला दिलेलं वचन. ३१ म्हणजे आजवर कधी ना कधी लिहिल्या गेलेल्या ब्लॉकांनी होस्टवर अडवलेली जागा. ९ म्हणजे आज गेस्टला खरोखर हवा असलेला डेटा. मधले २२ जीबी कोणाच्याच कामाचे नाहीत. गेस्टच्या लेखी ते मोकळे आहेत, होस्टच्या लेखी भरलेले. व्हीएमच्या आत फाइल डिलीट केली की आतली फाइल सिस्टिम स्वतःच्या वहीत ‘हे ब्लॉक मोकळे’ एवढंच लिहिते. बाहेर कोणालाही ती सांगायला जात नाही. लॉग येतात जातात, पॅकेज उतरतात पुसली जातात, आणि नवं लिखाण दर वेळी थोडं वेगळ्या जागी पडतं. फाइल वाढतच राहते.

‘क्यूईएमयू-आयएमजी’ ही डिस्क फाइल्ससाठीची कमांड. तिचा ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ यातले दोन आकडे एका दमात सांगतो, व्हर्च्युअल साइझ आणि डिस्क साइझ. तिसऱ्या आकड्यासाठी ‘व्हर्ट-डीएफ’ आहे. तो लिबगेस्टएफएस या, व्हीएमच्या डिस्क बाहेरून उघडणाऱ्या हत्यारांच्या, पोतडीतला. व्हीएममध्ये लॉगिन न करता तो बाहेरूनच, फक्त वाचण्यापुरती डिस्क उघडून, आतली जागा मोजतो. मी सगळ्या फाइल्सचे हे तीन आकडे एका तक्त्यात मांडले. नंतरचं जवळजवळ प्रत्येक काम त्या तक्त्याकडे बघून ठरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक मोठा असेल तिथे जागा परत मिळवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

चालू व्हीएमच्या फाइलवर ‘इन्फो’ चालवलं की ‘राइट’ लॉक मिळत नाही, दुसरी प्रोसेस ही इमेज वापरतेय का, अशी तक्रार येते. क्यूईएमयू २.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, हे लॉकिंग आलं. त्याआधी तीच क्यूकाउ२ (क्यूईएमयूच्या स्वतःच्या डिस्क फॉरमॅटची) फाइल दोन प्रोसेस सुखाने उघडत आणि मेटाडेटाची, म्हणजे आतल्या नोंदींची, वाट लावत. फक्त माहिती वाचायची असेल तर ‘--फोर्स-शेअर’ देऊन पुढे जाता येतं. त्यापलीकडे काही करायचं असेल तर व्हीएम आधी नीट बंद करायची. लॉक म्हणजे अडथळा समजून तो चुकवण्याच्या युक्त्या शोधणारे लोक मला भेटलेत. त्यांच्या हातात माझी डिस्क मी देणार नाही.

जागा परत मिळवण्याचे रस्ते अनेक आहेत. जुना रस्ता म्हणजे गेस्टच्या आत ‘डीडी’ने शून्यांची एक मोठी फाइल लिहायची, ती पुसायची, मग बाहेर ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ने नवीन प्रत काढायची. ‘कन्व्हर्ट’ शून्यांचे सलग पट्टे ओळखतो आणि ते न लिहिता सोडून देतो. हे चालतं, पण शून्यं लिहिताना डिस्क फाइल आधी पूर्ण ८० जीबीपर्यंत फुगते आणि मग नवीन प्रतीला वेगळी जागा लागते. होस्ट काठोकाठ भरलेला असताना हा उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून मी ‘व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस’ वापरलं. बंद असलेल्या व्हीएमची फाइल ते जागच्या जागी उघडतं, आतली फाइल सिस्टिम कोणते ब्लॉक मोकळे मानते ते तिलाच विचारतं आणि होस्टवरच्या फाइलमध्ये तिथे भोकं पाडतं. जादा जागा लागत नाही.

ते चालवल्यावर त्या रॉ फाइलवर पुन्हा ‘एलएस’ केलं. ८० जीबी, पूर्वी होतं तेच. काहीच झालं नाही असं वाटावं असा आकडा. ‘डीयू’ने मात्र ९.४ जीबी सांगितलं. फाइलची लांबी तेवढीच राहते, फक्त तिच्या पोटातली जागा होस्टला परत जाते.

आणि नेमकी हीच गोष्ट कॉपी करताना उलटते. मला या फाइल्सची एकेक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी होती. ती डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली. एक्सफॅटला भोकं असलेली फाइल ठेवताच येत नाही, त्यामुळे ९ जीबीच्या मजकुरासाठी तिथे पूर्ण ८० जीबी खर्ची पडणार. नेटवर्कवरून ‘एससीपी’ने पाठवलं तरी तेच, ती शून्यं इमानेइतबारे एकेक करून पलीकडे पोचवते. ‘आरसिंक --स्पार्स’, ‘सीपी --स्पार्स=ऑलवेज’, ‘टार --स्पार्स’ हे त्यावरचे उपाय, पण पलीकडची फाइल सिस्टिमही जाणती हवी. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. बाहेर न्यायची प्रत्येक रॉ फाइल आधी क्यूकाउ२ केली.

क्यूकाउ२ला भोकांचा आधार लागत नाही. ती डेटाचे ६४ केबीचे क्लस्टर करते आणि गेस्टचा कुठला क्लस्टर फाइलमध्ये कुठे आहे याची दोन मजली अनुक्रमणिका ठेवते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तक्त्यात ८१९२ नोंदी मावतात, म्हणजे एक तक्ता गेस्टच्या डिस्कचा ५१२ एमबीचा पट्टा सांभाळतो. जिथे कधी काही लिहिलंच नाही तिथे नोंद कोरी, आणि त्या क्लस्टरला फाइलमध्ये जागाही नाही. नव्याने ‘कन्व्हर्ट’ केलेली क्यूकाउ२ त्यामुळे कुठल्याही फाइल सिस्टिमवर आटोपशीरच राहते.

कमांड साधी आहे: ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -पी’, आधी स्रोताचा फॉरमॅट, मग हव्या त्या प्रतीचा, मग दोन फाइलींची नावं. स्रोताचा फॉरमॅट मी कधीही गाळत नाही. गाळला तर क्यूईएमयू फाइलच्या सुरुवातीचे बाइट बघून अंदाज बांधतो. रॉ डिस्कचे पहिले बाइट तर गेस्टच्या ताब्यात असतात. एखाद्या खोडसाळ गेस्टने तिथे क्यूकाउ२चं हेडर (फॉरमॅटची ओळख सांगणारी सुरुवात) लिहून ठेवलं तर होस्टवरची भलतीच फाइल बॅकिंग फाइल, म्हणजे खालचा आधाराचा थर, म्हणून उघडली जाऊ शकते. याच धास्तीने क्यूईएमयू ६.१ पासून बॅकिंग फाइलचा फॉरमॅट सांगणं सक्तीचं झालं. ‘-सी’ देऊन कॉम्प्रेसही करता येतं. कपाटात ठेवायच्या प्रतींना ते उत्तम. चालत्या व्हीएमला ते देण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण कॉम्प्रेस केलेल्या क्लस्टरवर गेस्टने पुन्हा लिहिलं की तो साध्या रूपातच परत लिहिला जातो.

प्रत झाल्यावर ‘क्यूईएमयू-आयएमजी कम्पेअर’. फॉरमॅट वेगळे असले तरी गेस्टला दिसणारा मजकूर तो तपासतो आणि दोन्ही सारख्या असल्याचं सांगतो. रॉ आणि क्यूकाउ२चे चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेले आकडे) जुळणार नाहीत हे उघड आहे, म्हणून इथे ‘शा२५६सम’ कामाचं नाही. फाइल बाहेरच्या डिस्कवर पोचल्यावर मात्र तेच हवं.

खरी गुंतागुंत पुढे होती. चार व्हीएम एकाच मूळ इमेजवर, म्हणजे एकाच डिस्क फाइलवर, उभ्या होत्या. मूळ इमेज ६ जीबीची, आणि प्रत्येक व्हीएमची स्वतःची फाइल म्हणजे त्यावरचा ओव्हरले. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त नव्या रेघा त्यावर माराव्यात तसं. खालचा नकाशा कोणी बदलला की चारही कागदांवरच्या रेघा निरर्थक होतात. ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन’ चालवून कोण कोणावर उभं आहे ते कागदावर काढलं. एका ओव्हरलेच्या खाली आणखी दोन पायऱ्या निघाल्या, कधीतरी घेतलेल्या आणि मग विसरलेल्या एक्स्टर्नल स्नॅपशॉटच्या (त्या क्षणाची अवस्था जपायला वर नव्या फाइलचा थर चढवतात त्या). आणि वापरात नसलेल्या एका ओव्हरलेची साखळी तुटलेली होती. मूळ इमेज कधीतरी दुसऱ्या डिरेक्टरीत हलवली गेली होती आणि ओव्हरलेमध्ये जुनाच पत्ता कोरलेला होता.

पत्ता दुरुस्त करायला ‘क्यूईएमयू-आयएमजी रीबेस -यू’ आहे. तो यू म्हणजे अनसेफ, आणि हे नाव शोभेचं नाही. ही कमांड मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही, फक्त हेडरमधलं नाव बदलते. चुकीच्या फाइलचं नाव दिलं तरी ती बिनतक्रार लिहून मोकळी होते, आणि गेस्टला अर्धी या डिस्कची, अर्धी त्या डिस्कची अशी खिचडी मिळते. म्हणून आधी खात्री करावी लागली की मूळ इमेज ओव्हरले तयार झाल्यानंतर बदललेली नाही. तिच्या बदलाची तारीख ओव्हरलेच्या जन्माच्या आधीची होती आणि कोणीतरी शहाणपणाने तिची लिहिण्याची परवानगी काढून ठेवलेली होती. त्या अज्ञात सद्गृहस्थाचे मनोमन आभार मानले आणि नाव बदललं. मग लगेच ‘क्यूईएमयू-एनबीडी --रीड-ओन्ली’ने ती डिस्क ‘/डेव्ह/एनबीडी०’ला जोडली, पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं आणि आतले नवे-जुने लॉग उघडून बघितले. आतली फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर माउंट करताना ‘आरओ’बरोबर ‘नोलोड’ही द्यावं लागतं, नाहीतर फाइल सिस्टिम जर्नल (अर्धवट लिखाणाची नोंदवही) पुन्हा चालवू बघते. होस्ट आणि गेस्ट दोघांकडे एलव्हीएमच्या (डिस्कची जागा गट करून वाटणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) ग्रुपचं नाव एकच असेल तर या वाटेला न जाता ‘गेस्टमाउंट’ वापरावं. तो सगळं एका छोट्या वेगळ्या व्हीएममध्ये उघडतो, त्यामुळे होस्टच्या एलव्हीएमला त्याचा पत्ता लागत नाही.

विसरलेल्या स्नॅपशॉटच्या दोन पायऱ्या काढून टाकायच्या होत्या. ‘कमिट’ ही कमांड वरचा थर खालच्यात मुरवते. व्हीएम चालू असेल तर ‘व्हर्श ब्लॉककमिट --अॅक्टिव्ह --पिव्हट’ तेच काम व्हीएम न थांबवता करतं. पण कुठपर्यंत मुरवायचं हे सांगणं महत्त्वाचं. काही न सांगता सोडलं तर ‘ब्लॉककमिट’ साखळीच्या तळापर्यंत जातं, आणि आमच्या साखळीच्या तळाशी चौघींची सामाईक मूळ इमेज होती. एका व्हीएमचा पसारा तिच्यात ओतला असता तर बाकीच्या तिघी संपल्याच असत्या. ‘--बेस’ला मूळ इमेजच्या वरच्या थराचं नाव दिलं, ‘--व्हर्बोज’ लावून टक्के वर सरकताना बघत बसले, आणि शेवटी ‘व्हर्श डोमब्लकलिस्ट’मध्ये व्हीएम योग्य फाइलवर आल्याचं दिसलं तेव्हाच वरच्या दोन फाइल्स पुसल्या.

चौघींपैकी एक व्हीएम दुसऱ्या होस्टवर जाणार होती. तिला मूळ इमेजपासून तोडायला दोन मार्ग होते. ‘रीबेस’ला बॅकिंग फाइल म्हणून रिकामं नाव दिलं की लागणारा सगळा मजकूर ओव्हरलेमध्येच उतरतो. नाहीतर सरळ ‘कन्व्हर्ट’ करायचं, तो साखळी आपोआप सपाट करतो. मी ‘कन्व्हर्ट’ घेतला, कारण त्यात मूळ फाइलला धक्का लागत नाही. मात्र ‘कन्व्हर्ट’ फक्त आजची अवस्था नेतो. क्यूकाउ२च्या पोटातले इंटर्नल स्नॅपशॉट मागे राहतात. ‘क्यूईएमयू-आयएमजी स्नॅपशॉट -एल’ने ते दिसतात, आणि चालू व्हीएमचे घेतलेले असतील तर मेमरीचीही जागा अडवून बसतात. इथे होते ते कोणालाच नको होते, त्यामुळे त्या निमित्ताने आणखी काही जीबी सुटले.

एक जुनी व्हीएमडीके (व्हीएमवेअरच्या फॉरमॅटची) डिस्कही होती, अनेक तुकड्यांत कापलेली. अशा डिस्कला एक चिमुकली टेक्स्ट फाइल असते आणि बाकी सगळे तुकडे. ‘क्यूईएमयू-आयएमजी’ला ती टेक्स्ट फाइल द्यायची, तुकडे नाहीत. इथे ‘कन्व्हर्ट’ दुसऱ्याच तुकड्यावर अडलं. टेक्स्ट फाइल एडिटरमध्ये उघडली तर आत प्रत्येक तुकड्याची एक ओळ: ‘आरडब्ल्यू ४१९२२५६ स्पार्स’ आणि पुढे अवतरणचिन्हात फाइलचं नाव. तो आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांचा, म्हणजे एक तुकडा २०४७ एमबीचा. तुकड्यांची नावं कुठल्यातरी कॉपीत बदलली होती, मधल्या मोकळ्या जागांच्या अंडरस्कोअर झाल्या होत्या. ओळींमधली नावं तशी करून घेतल्यावर काम सुरळीत झालं. आत विंडोज होतं, म्हणून नवीन व्हीएममध्ये डिस्क आधी साटा या नेहमीच्या जोडणीवर लावली. व्हर्टआयओ या खास व्हीएमसाठीच्या जोडणीचा ड्रायव्हर आत नसताना थेट त्यावर लावली तर विंडोजला स्वतःची बूट डिस्कच सापडत नाही. एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडून ड्रायव्हर बसवून घ्यायचा आणि मग मुख्य डिस्क तिकडे वळवायची.

एका व्हीएमला खरोखरच जागा कमी पडत होती. ‘क्यूईएमयू-आयएमजी रीसाइझ’ला ‘+२०जी’ दिलं की डिस्क वाढते, पण आतल्या पार्टिशनला त्याचा गंध नसतो. जीपीटीची, म्हणजे पार्टिशनच्या तक्त्याची, राखीव प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि आता तो शेवट पुढे सरकलेला असतो. ‘एसजीडिस्क -ई’ ती प्रत नव्या शेवटाला नेतं. मग पार्टिशन वाढवायला ‘ग्रोपार्ट’, मग फाइल सिस्टिम वाढवायला ईएक्सटी४ला ‘रीसाइझ२एफएस’ किंवा एक्सएफएसला ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’. हे दहा मिनिटांचं काम.

उलट दिशेने डिस्क लहान करण्याच्या फंदात मी पडले नाही, जरी दोन व्हीएमना वाजवीपेक्षा फार मोठ्या डिस्क दिलेल्या होत्या. त्यासाठी आधी आतली फाइल सिस्टिम आखडायची, मग पार्टिशन, मग ‘--श्रिंक’ देऊन फाइल. क्रम चुकला की डेटाची शेपटी कापली जाते, आणि एक्सएफएस तर अशा प्रकारे आखडतच नाही. शिवाय मिळणार काय? न लिहिलेल्या जागेला होस्टवर काही खर्चच नाही. तक्त्यातला पहिला आकडा फक्त दिसायला मोठा असतो.

सगळ्या फाइल्सवर शेवटी ‘क्यूईएमयू-आयएमजी चेक’ चालवलं. दोन ठिकाणी लीक झालेले क्लस्टर निघाले. म्हणजे फाइलमध्ये जागा अडली आहे पण अनुक्रमणिकेत तिचा मालक नाही. डेटाला त्याने धोका नाही, ‘-आर लीक्स’ने ते सुटतात. ‘-आर ऑल’ मात्र प्रत घेतल्याशिवाय चालवू नये, कारण तिथे तो खऱ्या बिघाडावर स्वतःच्या अंदाजाने इलाज करतो.

फाइल्स पुन्हा सुजू नयेत म्हणून प्रत्येक व्हीएमच्या व्याख्येत डिस्कच्या ड्रायव्हरला ‘डिस्कार्ड=अनमॅप’ जोडलं आणि लिनक्स गेस्टच्या आत ‘एफएसट्रिम’चा आठवड्याचा टायमर चालू केला. आता गेस्ट मोकळे ब्लॉक स्वतःहून सांगतो आणि होस्ट ते परत घेतो. पूर्वी यासाठी डिस्क व्हर्टआयओ-स्कझी या प्रकारच्या जोडणीवरच लागायची. क्यूईएमयू ४.० पासून, गेस्टमध्ये लिनक्स ५.० किंवा पुढचा कर्नल असेल तर साधं व्हर्टआयओ-ब्लॉकही चालतं. एका व्हीएममध्ये कर्नल त्याहून जुना आहे, तिला स्कझीवर हलवायचं बाकी आहे. तोवर तिच्यासाठी अधूनमधून ‘व्हर्ट-स्पार्सिफाय’, आणि होस्टवर ‘डीएफ’ ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की मेल येईल अशी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) एक ओळ.